फोन बंद करण्याआधी

कंपनीच्या कामासाठी मी आणि आमच्याकडचा गोव्यातल्या पेडण्याचा एक मेकॅनिक महिन्यातून एकदा विमानाने जातो. फोन बंद करायची सूचना झाली की हा नेमका तेव्हाच बायकोला फोन लावतो. "जेवलंस मगो? गोळी घे हां." हवाई सुंदरी समोर येऊन उभी राहिली, तरी तिला हसून म्हणतो, "एकच मिनिट गो बाय."

माझा फोन मात्र विमानात शिरतानाच बंद असतो. गेल्या खेपेला मी चिडून म्हटलं, "नियम कळत नाही का तुम्हाला?"

"भाई, तुमी कोणाक फोन करूक नाय?"

"घरी कोणीच नाही," मी म्हटलं. त्याने बायकोला माझ्याशी बोलायला सांगून आपला फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून त्याची बायको म्हणाली, "सांभाळून जावा हां, भाई."

विमान वर चढेपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही. हे शब्द दर खेपेला त्याच्या वाट्याला येतात, याचा मला हेवा वाटत होता.