पाहुण्यांच्या साबणाची चकती

भिंतीवर माझी माय होती. प्रोजेक्टरच्या उजेडात तिचं तोंड दाराएवढं मोठं झालेलं. डोक्यावर पदर, उजवा हात पुढे, तळहातावर साबणाची एक पातळ चकती. बाजूला इंग्रजीत लिहिलेलं: कमला. वय पंचेचाळीस. ग्रामीण गृहिणी. स्वच्छतेची जाणीव: कमी.

मागून कोणीतरी म्हणालं, "हा साबण आहे की सुपारी?"

वर्ग हसला. सरही हसले, तोंडावर रुमाल धरून.

मीही हसले.

हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायला गेले तर मी ते गाळेन, मला माझी खात्री नाही. साठ जणांच्या हसण्यात माझं हसणं होतं, आणि ती माझी माय आहे हे त्या वर्गात फक्त मला आणि फोटो काढणाऱ्याला माहीत होतं.

मी इतिहासात एम.ए. केलं, वर्ध्यातच. आम्हाला शिकवणाऱ्या बाई दर रविवारी आम्हाला कुठल्या ना कुठल्या गावात नेत. म्हाताऱ्या बायांचं बोलणं वहीत उतरवायचं. त्यांचे नियम दोनच. पहिल्या ओळीत माणसाचं नाव. आणि लिहून झालं की ते त्या माणसाला वाचून दाखवायचं. त्यानं मान हलवली की वही मिटायची, तोवर नाही. गिरडच्या एका आजीनं माझ्याकडून एकच ओळ चार वेळा बदलून घेतली होती. मला तेव्हा कंटाळा आला होता.

एम.ए.नंतर दोन वर्षं नुसते अर्ज केले. मामा म्हणाला, "एमबीए कर, कंपनीवाले घेते." सीईटी दिली, नंबर लागला. पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, आधी काय शिकलात. इंजिनिअरिंग. बी.कॉम. बी.बी.ए. माझी पाळी आली. म्हटलं, इतिहास.

"इथे मेलेल्यांचा धंदा चालत नाही बरं का," सर म्हणाले. मग हजेरीपटावर माझं आडनाव बघितलं. "अच्छा," म्हणाले. तो अच्छा ज्यांनी ऐकला आहे त्यांना समजावून सांगायची गरज नाही. इतरांना सांगून उपयोग नाही.

दुसऱ्या सेमिस्टरला प्रोजेक्ट आला. एका कंपनीला खेड्यात नवा साबण विकायचा होता. आमच्या गटाचा लीडर होता एक मुलगा, त्याच्या वडिलांचं ट्रॅक्टरचं शोरूम. तो म्हणाला, "सर्व्हे तुझ्या गावातच करू. तयार माल आहे." माझ्या लोकांना तो माल म्हणाला, आणि मला बरं वाटलं. आपलाही इथे काही उपयोग आहे असं वाटलं. किती सहज बरं वाटतं माणसाला!

आमचं गाव केळझरच्या अलीकडे. मी आदल्या दिवशीच घरी गेले होते. मायनं विहारात नेसायची पांढरी साडी काढली. चिवडा केला. तो एकटाच बाईकवर आला. वळणावर चेन उतरली म्हणे, ती बसवून आला होता. मनगटापर्यंत हात वंगणानं काळे.

माय अंगाच्या साबणाची वडी दोऱ्यानं कापते. मोठा तुकडा घरच्यांना. एक चकती कागदात गुंडाळून कोनाड्यात ठेवते, ती पाहुण्यांची. तिला घरातलं कोणी हात लावत नाही. लहानपणी मी एकदा त्या चकतीनं तोंड धुतलं तर पाठीत धपाटा बसला होता. तो आल्यावर मायनं ती चकती काढली, पाण्याची बादली दारात ठेवली, आणि हात पुढे केला.

"घ्या बापू, हात धुवा. मंग चिवडा खा."

त्यानं चकतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. खिशातून मोबाईल काढला.

"एक मिनिट काकू. हात तसाच ठेवा."

मायनं तसाच ठेवला. फोटोसाठी हसलीसुद्धा.

"असू द्या," म्हणत त्यानं हात रुमालाला पुसले आणि खुर्चीत बसला. दोन प्लेट चिवडा खाल्ला. माय थोडा वेळ चकती हातात घेऊन उभी होती. मग तिनं ती पुन्हा कागदात गुंडाळली. खाली बसून त्याच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, परीक्षेला बसल्यासारखी, पदर सावरत. मी लिहून घेत होते. पहिल्या ओळीत नाव नव्हतं. फॉर्मवर नावाला जागाच नव्हती.

आणि आठ दिवसांनी ती भिंतीवर आली. कमला होऊन. नाव लीडरनं मनानंच घातलं होतं.

मी सावंगीला खोली करून राहते, नर्सिंगच्या दोन मुलींबरोबर. खोलीच्या भिंती पांढऱ्या आहेत. त्या दिवसापासून भरदुपारीसुद्धा त्या भिंतीवर हात पुढे केलेली माय दिसायची. मी भिंतीला कॅलेंडर लावलं, मग ओढणी टांगली. तरी दिसायची. तिच्यामागून वर्गाचं हसू यायचं, आणि साठ जणांतून माझं हसू मला बरोबर वेगळं ऐकू यायचं. जेवण जाईना. मुली म्हणाल्या, रक्त तपासून घे. रक्तात काय सापडणार होतं!

पुढच्या रविवारी मी रिपोर्ट घेऊन घरी गेले. बाईंचा नियम आठवला म्हणून गेले की मायचा मार खायला गेले, मला माहीत नाही. माय तुरी निवडत होती. मी इंग्रजीतलं मराठीत करून वाचायला लागले.

"हे कमला कोन वं?"

"तूच, माय."

"माहं नाव गौतमी हाये."

पुढचं वाचलं. स्वच्छतेची जाणीव: कमी. मायनं दोन-तीन खडे काढून बाजूला टाकले.

"त्या पोराचे हात तं वंगणानं काळे होते. त्यानं धुतलेच नाई. तसाच चिवडा खाल्ला. थे लिह्यलं का?"

"नाई."

"काऊन नाई लिह्यलं? तू तं तितंच होती."

मी रिपोर्ट मिटून पिशवीत ठेवला. वर्गात मी हसले, हे मी तिला सांगितलं नाही.

शेवटचं सादरीकरण कंपनीच्या दोन माणसांपुढे होतं. त्यातूनच ते उन्हाळ्यातल्या ट्रेनिंगला मुलं निवडणार होते, आणि ट्रेनिंगला लागलेल्यांना पुढे नोकरी मिळते. मला ती नोकरी हवी होती. लीडर म्हणाला, "तू बोलू नकोस, तुझी भाषा कळून येते. फक्त स्लाइड पुढे ढकल."

मी कॉम्प्युटरजवळ बसले. तो फाडफाड बोलत होता. भिंतीवर माय आली. वर्गात हसू फुटलं.

"नेक्स्ट," तो म्हणाला.

मी बटण दाबलं नाही.

"नेक्स्ट!"

मी उभी राहिले. "हिचं नाव कमला नाही. गौतमी. ही माझी माय आहे. हा साबण पाहुण्यांचा आहे, तो ती पाहुण्याला हात धुवायला देते आहे. पाहुणा हा तुमच्यासमोर उभा आहे. याचे हात वंगणानं काळे होते. यानं धुतले नाहीत. तसाच चिवडा खाल्ला. आता 'कमी' कोणाच्या नावापुढे लिहायचं ते सांगा."

सर म्हणाले, "खाली बस. घरच्या गोष्टी घरी."

"घरी येऊनच घेतलंय सर हे."

कोणी हसलं नाही. कंपनीच्या दोघांतल्या मॅडमनी मोबाईलमध्ये मान घातली. मी बटणावरचा हात काढून घेतला आणि उभीच राहिले. माय भिंतीवर तशीच होती, घंटा होईपर्यंत.

निवडलेल्यांच्या यादीत त्याचं नाव आलं. माझं आलं नाही. प्रोजेक्टचे माझे गुण काठावरचे. व्हरांड्यात सर म्हणाले, "तुझी जागा इतिहासातच होती." मी मान हलवली नाही. रिपोर्टच्या माझ्या प्रतीत कमला खोडून गौतमी लिहिलं आणि तीच प्रत लायब्ररीत जमा केली.

हे सगळं लिहून झाल्यावर मी मायला वाचून दाखवलं. 'मीही हसले' हे गाळावंसं वाटलं. पण वाचलं. तिला ते पहिल्यांदाच कळत होतं. ती दाराकडे पाहत राहिली, जिथे त्या दिवशी बादली ठेवली होती तिकडे. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मारेल. दोन्ही चाललं असतं.

"थे खोडू नको," ती म्हणाली. "ठेवजो तसंच."

मान मात्र तिनं हलवली नाही. म्हणून ही वही मिटलेली नाही. पांढऱ्या भिंतीवर माय अजून येते आणि मी आता तिथे ओढणी टांगत नाही.

एक सेमिस्टर उरलं आहे. डिग्री मी सोडणार नाही, घेऊनच निघणार आहे. साबण विकायचा असो की आणखी काही, ज्या दारात मी प्रश्न विचारायला जाईन तिथे आधी हात धुवेन. मग नाव विचारेन. आणि लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय उंबरा उतरणार नाही.