तीनशे पानांची धनीण

ग्रंथालयाच्या वेबसाइटची तीनशे पानं ताईंनी एकटीने उभी केली होती. सहा वर्षं, हंगामी नेमणुकीवर, साध्या नोटपॅडमध्ये एकेक ओळ टाइप करून. ब्राउझरमधलं एडिटचं बटण दाबलं की पान थेट नोटपॅडमध्ये उघडायचं. ते सेटिंगही त्यांचंच.

यंदा त्यांनी खटपट करून बहिणीच्या मुलीला हाताखाली घेतलं. पोर हुशार, पण खाण्याच्या नावाने बोंब. ताई रोज दुपारी तिच्या टेबलाशी उभ्या राहून तिचा डबा संपवून घेत.

"मावशी, अजून नोटपॅड? दगडावर कोरतेस की काय!" भाची एकदा हसली आणि ताईंच्याच खुर्चीत बसून तिने एडिटचा प्रोग्रॅम बदलून टाकला. आता पान छापल्यासारखं दिसे, आतला कोड दिसतच नसे. ताई हरखल्या. कायमची जागा निघणार होती, म्हणून दोन महिने मान मोडून त्यांनी सगळी पानं त्यात उघडली, सुधारली, सेव्ह केली.

नवीनच आलेल्या साहेबांनी ताईंना बोलावून कागद पुढे सरकवला. कायमच्या जागेसाठी मुख्य कार्यालयाने कोड तपासून पाठवलेली यादी: पान आणि त्याचा कर्ता. तीनशेही ओळींत भाचीचं नाव, आडनावासकट.

"तुम्ही तर म्हणत होतात, पानं तुमची!"

तशाच बाहेर येऊन ताईंनी भाचीला व्हरांड्यात गाठलं. "हे चुकून झालं ना गं?"

"प्रोग्रॅम माझ्या नावावर आहे. सेव्ह केलं की तो आतल्या कोडमध्ये कर्ता म्हणून माझं नाव घालतोच."

"तुला ठाऊक होतं?"

भाचीने नजर चुकवली. "तुझी नोकरीची चारच वर्षं उरलीत, मावशी. माझं अख्खं आयुष्य पडलंय."

सकाळीच ताईंनी हिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला होता. मग त्या आपल्या टेबलाकडे वळल्या आणि खणातून जुन्या पानांची सीडी काढली. त्यावर सहा वर्षांच्या तारखा होत्या.

भाची धावत आली. "मावशी, नको ना! माझी नोकरी जाईल. आईला काय सांगशील?"

"ते तू सांग," म्हणत ताईंनी साहेबांचं दार ढकललं.