सबनीसकाकांचा पहिला मासा

समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसांनी समुद्रात मासे धरायचं मनावर घेतलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमच्या लखनौच्या गळ मंडळाचे गेल्या उन्हाळ्यात एवढे साचलेत, की हज़रतगंजात कॉफी प्यायला बसलं तर कॉफी थंड होईपर्यंत एखादा तरी निघतोच.

मंडळ म्हणजे तिघंच. सबनीसकाका, मूळ साताऱ्याचे, बँकेतून नुकतेच रिटायर झालेले. कुलकर्णीकाका, रेल्वेत इंजिनिअर, प्रत्येक गोष्टीला सिस्टिम हवी असणारे. आणि मी, तन्वी. मी लखनौतच वाढले, मग उत्तर ऑस्ट्रेलियात समुद्री जीवशास्त्र शिकले आणि आपल्या देशाचा समुद्र वाचवायचा असं ठरवून परत आले. परत आले ती आईबाबांच्या घरी, म्हणजे लखनौला. समुद्र वाचवायला हे गाव जरा गैरसोयीचं आहे, पण सुरुवात कुठून तरी करायला हवी.

सबनीसकाकांची सासुरवाडी मालवणची. विद्याकाकूंचे भाऊ सहज होडी काढून ताटभर मासे घेऊन येणारे, आणि काका लग्नापासून दर मे महिन्यात त्यांच्याबरोबर जाऊन रिकाम्या हातानं परतणारे. बांगडासुद्धा कधी त्यांच्या गळाला लागला नाही. थोरले मेव्हणे बाबलमामा दारातच विचारणार, "काय भावजी, यंदा तरी गावतलो काय मासो?"

आता बाबलमामांनी होडी विकायला काढली होती. जूनपासून मासेमारी बंद, आणि पावसाळा संपेपर्यंत होडी दुसऱ्याची झालेली असणार. म्हणजे हा मे शेवटचा.

"मला एक मासा पाहिजे," काका मला म्हणाले. "एकच. पण मी धरलेला."

* * *

सरावासाठी आम्ही दर रविवारी बख्शी का तालाब या गावाच्या पुढे एका खासगी तळ्यावर जायचो. तळं वर्माजींचं, त्यात रोहू सोडलेले. ऊन असं की गाडीचं दार रुमालानं उघडावं लागे.

पहिल्याच रविवारी कुलकर्णीकाकांनी फोन बघून सांगितलं, "मालवणला सव्वादहाला भरती आहे. तोपर्यंत कुणी गळ टाकायचा नाही."

"पण हे तळं आहे," सबनीसकाका म्हणाले.

"सवय लागायला नको? तिथे गेल्यावर ऐनवेळी शिकणार आहात का?"

मीसुद्धा विरोध केला नाही. शिस्त कशाचीही असो, मला आवडते. तिघंही कोरडे गळ हातात धरून काठावर उभे राहिलो. वर्माजी बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ आले.

"साहब, मुहूर्त निकलवाए हैं क्या?"

कुलकर्णीकाकांनी त्यांना समुद्र, चंद्र, भरती, ओहोटी सगळं समजावलं. वर्माजींनी तळ्याकडे पाहिलं.

"तो सवा दस बजे इसमें पानी चढ़ेगा?"

"इसमें नहीं. मालवण में."

"अच्छा," वर्माजी म्हणाले. "और हमारी मछली को ख़बर कौन करेगा?"

* * *

माझ्या तत्त्वांचं सांगायचं राहिलं. काकूंच्या घरी जेवायला बसलो होतो, तेव्हा मी मंडळाला समजावलं, की ऑस्ट्रेलियात हौसेनं मासे धरणारी माणसं मासा धरतात, मोजतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. उन्हाळ्यात पाणी कोमट झालं की पुष्कळ माद्यांच्या पोटात अंडी असतात. त्या तर सोडल्याच पाहिजेत. आपण नाही सोडल्या तर कोण सोडणार? मी बरीच पेटले होते. भात गार झाला.

"उत्तम विचार आहे," कुलकर्णीकाका म्हणाले. "म्हणजे छोटे मासे सोडायचे."

"नाही काका. मोठ्या माद्या आधी सोडायच्या. त्यांची अंडी जास्त."

काकू पोळी वाढत होत्या.

"आणि ताटात काय वाढायचं?" त्यांनी विचारलं. "फोटो?"

"अगं, ती शिकून आलीये. ऐकूया तरी," काका म्हणाले.

"ऐका की. मी काय तुमच्या कानावर हात ठेवलेत?"

* * *

मग मी प्रात्यक्षिक दाखवलं. मला एक बऱ्यापैकी रोहू लागला. दमलेला मासा तसाच फेकायचा नसतो. त्याला पाण्यात दोन्ही हातांनी हलकेच धरून पुढेमागे करायचं, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहतं आणि त्याच्या जिवात जीव येतो. मी गुडघाभर पाण्यात बसून हे मन लावून करत होते. सबनीसकाका माझ्या शेजारी वाकून अगदी शाळेतल्या मुलासारखे बघत होते.

शेजारच्या शेतातल्या दोन बायका थांबल्या. एकीनं वर्माजींना विचारलं, "ई बिटिया का कर रही हैं?"

"मछली नहला रही हैं," वर्माजी म्हणाले. "लौटानी है न, तो साफ़ करके लौटा रही हैं."

* * *

सबनीसकाकांच्या घरी सराव म्हणजे गच्चीवरून गळ लांब फेकणं. काकांनी नवा रॉड घेतला होता. एका संध्याकाळी त्यांनी असा जोरात फेकला की गळ शिशाच्या वजनासकट दोन घरं ओलांडून गेला आणि दोर ताणला गेला.

"लागला!" काका ओरडले.

लागला होता तो शेजारच्या रिज़वीसाहेबांचा पतंग. त्या गल्लीत रिज़वीसाहेबांचा पतंग कुणी काटत नाही, एवढा त्यांचा दबदबा. काका गोंधळून रील फिरवत राहिले आणि पतंग मुकाट्यानं काकांच्या गच्चीवर आला. शेजारच्या गच्चीवर पांढऱ्या कुर्त्यातले रिज़वीसाहेब हातातली रिकामी चरखी बघत उभे होते. काका हात जोडून माफी मागायला लागले.

"अरे नहीं, सबनीस साहब," ते अदबीनं म्हणाले. "बस इतना बता दीजिए, चारा क्या लगाया था?"

* * *

चाऱ्याचं मात्र काकांनी खरंच मनावर घेतलं होतं. तळ्यावरचे रोहू केवड्याचा अर्क घातलेल्या कणकेच्या गोळ्यांवर तुटून पडायचे. काकांना वाटलं, समुद्रातल्या माशांनी हे कधी चाखलंच नसेल, म्हणून तर येत नसतील. मी म्हटलं, काका, ते मांसाहारी मासे आहेत. ते म्हणाले, लखनौला येऊन कोण मांसाहारी नाही? केवडा सगळ्यांना आवडतो.

तर मे महिन्यात आम्ही एसी टू टियरमधून निघालो, आणि सीटखाली डबाभर केवड्याची कणीक. कानपूर गेलं आणि डब्याचं झाकण सैल झालं. काही वेळात अख्ख्या बोगीत असा घमघमाट सुटला की झोपलेली माणसं उठून बसली. पलीकडचे एक गृहस्थ पडदा सरकवून आले.

"भाई साहब, बिरयानी कहाँ से चढ़ी है? हमें किसी ने पूछा ही नहीं."

"बिरयानी नहीं है," काका ओशाळून म्हणाले. "मछली का खाना है."

गृहस्थांनी वाकून पुन्हा एकदा वास घेतला. मग म्हणाले, "एक प्लेट वही दे दीजिए."

* * *

मालवणात पहाटे होडीतून निघालो तेव्हा समुद्र तव्यासारखा सपाट होता. पाण्यात हात घातला तर गिझर चालू राहिल्यासारखं. अशा पाण्यात चांगला मासा खाली खडकांशी, जरा गार जागी जाऊन बसतो. दुपारी वारा सुटला की होडी उभी राहत नाही, म्हणजे जे काय ते त्याआधी.

भरतीची सगळी वेळापत्रकं पाठ असलेले कुलकर्णीकाका, होडी थांबून डुलायला लागली तसे हिरवे झाले. मग त्यांनी कठड्यावरून वाकून सकाळचे पोहे समुद्राला दिले.

"बरा झाला," बाबलमामा म्हणाले. "आता मासे जमतले."

केवड्याच्या कणकेकडे समुद्रानं ढुंकून पाहिलं नाही. शेवटी मामांनी काकांच्या गळाला बांगड्याचा तुकडा लावून दिला. थोड्या वेळानं काकांना खरंच काहीतरी लागलं. वर आला तो वीतभर मासा, आणि होडीत पडल्या पडल्या तो फुगायला लागला. काका डोळे विस्फारून बघत राहिले. "वाढतोय," ते म्हणाले. "तन्वी, हा वाढतोय."

तो केंड होता. घाबरला की फुग्यासारखा फुगणारा, विषारी, कुणी खात नाही असा. मामांनी तो उचलून पाण्यात टाकला. काका तो टम्म फुगून तरंगत जाताना बघत राहिले.

"ह्यो धरूक नाय, भावजी," मामा म्हणाले. "ह्यो मोजूचो नसता."

* * *

वारा सुटायला लागला. मामांनी इंजिनाला हात घातला. तेवढ्यात काकांचा रॉड एकदम वाकला.

 कुलकर्णीकाकासुद्धा उठून बसले. काका रील फिरवत, श्वास टाकत, मध्येच थांबत उभे होते. मामांनी मदतीला हात पुढे केला, तर काकांनी कोपरानं बाजूला सारला. मग पाण्यात लाल काहीतरी चमकलं आणि जाळीत आली ती तांबोशी. चांगली हातभर, लालभडक, मामांनाही रोज न मिळणारी.

"भावजी," मामा म्हणाले, आणि जाळी त्यांच्यापुढे धरली.

काकांनी तिला ओल्या हातांनी धरलं होतं. मी शिकवलं होतं तसं. त्यांनी तिचं पोट बघितलं. पोट गच्च भरलेलं होतं. मग माझ्याकडे बघितलं.

"काका, ही ठेवून घ्या," मी म्हणाले. "एवढी एक राहू दे."

"मग शिकवलंस कशाला?"

"निदान फोटो तरी." मी खिशातला फोन शोधायला लागले.

काका कठड्यावरून वाकले आणि तिला पाण्यात धरून हलकेच पुढेमागे करायला लागले. मला फोन सापडला तेव्हा त्यांचे हात रिकामे होते.

 घरी अंगणात पोचल्यावर मामांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं: तांबोशी, एवढी, भावजींनी एकट्यानं धरली. धाकटे दोघे भाऊ होडीत डोकावून आले आणि एकमेकांकडे बघून हसले. काकूंनी सगळं ऐकलं.  पिशवी घेऊन बाहेर पडल्या.

दुपारी पंगत बसली. त्या घरी पद्धत आहे, ज्यानं मासा धरला त्याच्या पानात डोकं वाढायचं. काकू तांबोशीच्या कालवणाचं पातेलं घेऊन आल्या. भावांची पानं ओलांडून थेट काकांपुढे थांबल्या आणि डोकं त्यांच्या पानात ठेवलं. धाकट्या भावानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकूंनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं त्या तोंडात भात घातला.

काकांनी ते डोकं बोटानं वळवून बघितलं.

"ही ती नव्हे," ते म्हणाले. "ती हिच्यापेक्षा मोठी होती."

"माहितीये," काकू म्हणाल्या. "जेवा."