खडूची खूण

ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मक्केत दोनदा जाऊन आलो तिथंही ओठांवर आली नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. तुमच्यावर विश्वास आहे असंही नाही – माझा कुणावरच नसतो.

सौदीत, राबिघ शहराच्या बाहेर माझी लाकडाची वखार आहे. रत्नागिरीहून आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या वखारीत ओंडके उतरवत होतो. आज माझा कफील, ज्याच्या नावावर इथला परवाना आहे तो अरब मालकसुद्धा, मला विचारून भाव सांगतो. हे फुकट झालेलं नाही. भांडून, घासाघीस करून, प्रसंगी समोरच्याच्या अंगावर धावून जाऊन झालंय.

आमच्या धंद्यात सगळा खेळ एका प्रश्नाचा. ओंडक्याच्या फळ्या निघतील, की तो मटण शिजवणाऱ्या हॉटेलांच्या चुलीत जाईल? फळ्यांचा भाव सरपणाच्या कितीतरी पट. आणि आतला गाभा चांगला की कुजका, हे बाहेरून दिसत नाही. ते ऐकावं लागतं. हसनचाचा ऐकायचे. दापोलीकडचे, सत्तरीला टेकलेले. एका टोकाला कुऱ्हाड उलटी धरून माणूस ठोकणार, दुसऱ्या टोकाला चाचा कान लावणार. मग खडू – सरळ रेघ म्हणजे फळ्या, फुली म्हणजे सरपण. घेणारा-देणारा दोघांनीही ते मानायचं, ही इथल्या कोकणी वखारवाल्यांची रीत.

सलीम नावाच्या इथल्याच एका वखारवाल्यानं मला पूर्वी एकदा फसवलं होतं. चाचा गावी गेलेले असताना पोकळ ओंडके फळ्यांच्या भावानं गळ्यात मारले आणि वर चारचौघांत हसला. ते हसू मी विसरलो नाही. विसरायचं का?

मग त्याच्याकडे ओकचे अठरा ओंडके आले. परदेशातून कुणीतरी मागवलेले, काम रद्द झाल्यानं पडून राहिलेले. सौदा ठरला, चाचा ऐकणार हेही ठरलं. पण आदल्या दिवशी मी दोघांना एका टपरीवर चहा पिताना पाहिलं. सलीम वाकून काहीतरी सांगत होता, चाचा मान डोलवत होते. माणूस अशी मान कशाला डोलवतो? माझ्या डोक्यात तेव्हाच ठरलं – हे दोघे एक झाले.

चाचांनी सकाळभर ऐकलं. चौदा रेघा, चार फुल्या. चौदा! मला वाटलं, झालं, पुन्हा लुटला गेलो.

जोहरच्या, दुपारच्या नमाजची वेळ झाली. सगळे मशिदीकडे गेले. मी म्हणालो, मी इथंच पढतो.

पढलो नाही.

ओलं फडकं घेतलं. सारख्याच जाडीचे दोन ओंडके निवडले, एक रेघेचा, एक फुलीचा. दोन्ही पुसले, वाळू दिले, आणि खुणा अदलाबदल करून काढल्या. रेघ ती रेघच – कुणाच्याही हातची सारखी दिसते.

ते परतल्यावर मी म्हणालो, एक ओंडका कापून बघू, मजुरी माझी. आणि मी रेघ ओढलेल्या ओंडक्याकडे बोट दाखवलं.

करवत आत गेली तसा काळा भुगा बाहेर पडू लागला. गाभा हातानं कुस्करावा इतका कुजलेला. सलीमचा चेहरा पडला. मी चाचांकडे वळलो आणि सगळ्यांसमोर बोललो, "चाचा, आता ओंडक्याला कान लावू नका, कानाला मशीन लावा." कामगार हसले.

चाचांनी खुणेवरून बोट फिरवलं. बराच वेळ. त्यांना संशय आला असेल का? मी त्याचीच वाट पाहत होतो, भांडायला तयार होतो. पण ते एवढंच म्हणाले, "रेघ माझीच आहे, बाबा."

सलीमनं सगळा माल सरपणाच्या भावानं दिला. त्या खुणा आता कोण मानणार होतं?

पुढच्या आठवड्यात मी एकेक ओंडका चिरला. चौदा चांगले, चार कुजके. चाचांची एकही चूक नव्हती. त्या फळ्यांचे दरवाजे आज इथल्या मोठमोठ्या घरांना आहेत.

टपरीवर ते दोघे काय बोलत होते, हे मला अजून माहीत नाही. खरं सांगू – अजूनही कधी कधी संशय येतो. माझा स्वभावच असा, असं म्हणणार होतो. नाही म्हणत.

चाचांनी त्यानंतर एकाही ओंडक्याला कान लावला नाही. लोक बोलवायला गेले तर म्हणायचे, माझ्यापायी कुणाचं नुकसान नको. दोन महिन्यांनी कायमचे गावी गेले. त्यांच्या मुलानं चिपळूणला कान तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. चाचांना पटलं नाही. डॉक्टरला काय कळतंय, म्हणाले, मी स्वतः बघितलंय.

गेल्या ईदला मी फोन केला. मुबारक म्हटलं. पलीकडून चाचा म्हणाले, "जरा मोठ्यानं बोल रे, मला आता ऐकू येत नाही."

मी मोठ्यानं बोललो.