परीट आधी कुणाला दिसला

अण्णाराव म्हणजे धाराशिव-तेर गाडीचा कंडक्टर. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जाते व्हय? सकाळी तेरणेच्या काठानं फिरायला निघाला तरी पाखरांवर ओरडणार, "चला, पुढं सरका!"

सोबतीला किराणावाला शंभुलिंग. दोघांची दरसालची पैज ठरलेली. दसरा झाला की थंड मुलखातनं परीट पक्षी येतो. काळापांढरा, चिमणीएवढा, सतत शेपूट वरखाली करणारा. तो आधी ज्याला दिसेल त्याला दुसऱ्यानं चहा पाजायचा. बाराच्या बारा वर्षं अण्णारावानंच पाजला. शंभुलिंगाची नजर म्हणजे घारीची!

यंदा शंभुलिंगाला पोटाचा कॅन्सर निघाला. सोलापूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "अण्णा, परीट आल्याबिगर म्या जात न्हाय बघ."

ते बोलणं अण्णारावाच्या काळजात रुतलं. आणि नेमका यंदाच परीट आधी त्याला नदीवर दिसला. वाळूत तुरुतुरु पळत होता. अण्णारावानं चक्क ढेकूळ उचललं. "फिर मागं! आलास तसा जा!" पाखरू भुर्रकन उडालं आणि चार हातांवर जाऊन बसलं.

तिथनं तो शंभुलिंगाकडं गेला.

"आला का रं?"

"न्हाय बा. अजून पत्ता न्हाय."

असं नऊ दिवस चाललं. शंभुलिंगाच्या अंगावर नुसतं कातडं उरलं. कण्हणं पार गल्लीत ऐकू यायचं. त्याची बायको लक्ष्मीबाई दारात डोळ्याला पदर लावून म्हणाली, "भावजी, ह्यांचा जीव कशात अडकलाय, कळंना." अण्णारावाला कळत होतं. मित्राला आपण जगवत नाही, छळतोय, याची त्याला लई लाज वाटली.

दहाव्या दिवशी तो खाटेवर टेकला. "शंभू, परीट आला. कवाच आलाय. म्याच दडवलं."

शंभुलिंग कसाबसा हसला. "ठावं हाय. आमच्या न्हाणीपाशी रोज येतोय की. इथनं दिसतो."

"मग बोलला न्हाईस ते?"

"बारा वर्षं हरलास. म्हटलं, एकदा तरी जिंकू द्यावं. तू कवा सांगतोस, त्याची वाट बघत हुतो."

अण्णाराव हमसून हमसून रडला. लक्ष्मीबाईनं पैजेचा चहा आणला, दोन कप. शंभुलिंगाला घोट गिळवेना.

"माझाबी तूच पी," तो म्हणाला.

अण्णारावानं दोन्ही कप संपवले. दुपारी शंभुलिंग गेला.