डिकेडन्सचा अर्थ

धाकट्या जावेनं दुसरं लग्न करायचं ठरवलं आणि आमच्या घरात इंग्रजी शिरलं. एरवी सगळं अहिराणीत चालतं, भांडणंसुद्धा. पण माझ्या थोरल्या दिरांचा राग फार चढला की त्यांना मराठीही पुरत नाही.

“हा डिकेडन्स आहे, डिकेडन्स!” ओट्यावर उभे राहून ते ओरडले.

धाकटे दीर जाऊन चार वर्षं झाली होती. जाऊ नंदुरबारला नर्स आहे. तिथले एक विधुर शिक्षक तिला पसंत पडले. तिनं काही लपवलं नाही. सुट्टीला आली, सासूबाईंच्या पायाशी बसली आणि सांगून टाकलं. लग्नानंतरही या घरात हक्कानं येता यावं, एवढंच तिचं मागणं होतं. थोरल्यांनी तिला सरळ निघ म्हणून सांगितलं.

सासूबाई मिरच्यांचे देठ खुडत होत्या. “काय म्हने तो?” त्यांनी मला विचारलं.

“मॅडम, सांगा ना अर्थ!” थोरले म्हणाले. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते, याची आठवण त्यांना अशाच वेळी होते. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. माणसं आधी नीतीनं वागत होती, मग सुखाला चटावली, मग सैल सुटली, अशा ऱ्हासाला डिकेडन्स म्हणतात. पूर्वी सगळं चांगलं होतं, हे त्यात धरलेलंच असतं.

“बरोब्बर! आपल्या घरात पूर्वी असं कधी झालेलं नाही.”

सासूबाईंचे हात थांबले. “व्हयेल शे,” त्या म्हणाल्या. “मन्हा पहिला नवरा वरीसमा मरी गया. मंग तुन्हा बापसंगे मन्हा पाट लागना. त्यानंतर तू उना.”

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. इतकी वर्षं या घरात नांदले, माझी बाळंतपणं या बाईंनी केली, आणि मला हे माहीत नव्हतं? नवऱ्याकडे पाहिलं, तर त्याचा चेहरा पांढराफटक. म्हणजे पोटच्या पोरांनाही पत्ता नाही!

थोरले खुर्चीत बसले. “आई, तू कधी बोलनी नई.”

“कोनी इचारं नई. पहिले घरोघर पाट लागेत. तुम्ही शिकनात, साहेब व्हयनात, मंग त्यानं नाव काढानी चोरी व्हयनी.” त्यांनी थोरल्यांकडे रोखून पाहिलं. “आते सांग, मी बी घसरेल शे का?”

थोरल्यांनी मान खाली घातली. जाऊ हुंदके देत होती. सासूबाई तिच्याकडे वळल्या.

“त्या मास्तरले सांग,” त्या म्हणाल्या, “ऐतवारले जेवाले ये.”