मामांचा कान

माझ्या मामांनी कान लावला की बिघडलेलं यंत्र आपणहून गुन्हा कबूल करतं, यावर माझा ठाम विश्वास आहे. मी बी.एस्सी. फिजिक्स, घराण्यातला पहिला पदवीधर. अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण सांगलीजवळ माधवनगरच्या त्यांच्या पत्र्याच्या गॅरेजात शिरलो की माझी डिग्री मुकाट चपलांशेजारी बसते. मामा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू यंत्रावर टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात. तेवढा वेळ साऱ्या गल्लीनं श्वास रोखायचा. एकदा एका हळदवाल्यानं टेम्पोचा हॉर्न दाबला, तर डोळे न उघडता ओरडले, "गप रं! पेशंट बोलतोय." बिचाऱ्यानं टेम्पो ढकलत नेला.

माझ्या पंधरा वर्षांच्या गाडीचा एसी गळायचा. गॅस भरला की आठ दिवस गारवा, मग पुन्हा भट्टी. साताऱ्यात दोघांनी सांगितलं, कॉम्प्रेसर नवा टाका, नाहीतर गाडी विका. पण माझी अडचण वेगळीच होती. आईला दमा. काचा उघडल्या की धूळ, लावल्या की घुसमट. त्यापायी दोन उन्हाळे ती कोरेगावाहून माहेरी, म्हणजे मामांकडे, आलीच नव्हती.

मामांनी कान लावला. "आतनं ठणठणीत हाय. शाफ्टचं सील तेवढं गेलंय. पडसं झालं म्हणून नवा माणूस आणतोस व्हय रं?"

सील बदललं, गॅस भरला, मग जोडाजोडावर रिठ्याचा फेस. साबणाचा त्यांना चालत नाही; "त्येचा बुडबुडा खोटं बोलतो." एकही बुडबुडा उठला नाही, तरी गाडी माझ्या ताब्यात मिळेना. भर दुपारच्या उन्हात, काचा लावून, एसी चालू ठेवून, अंगात स्वेटर घालून मामा तासभर मागच्या सीटवर बसले. बाहेर ही गर्दी! उतरले ते कुडकुडतच. "चल, ताईला आणू. मी बी येतो."

येताना आई पुढं बसली, मामा मागं कानटोपीत. कराड मागं पडलं तसं मी आरशात पाहिलं. कानटोपी वर सरकवून, डोळे मिटून, मामांनी आईच्या सीटच्या पाठीला कान लावला होता. प्रवासात तिच्या छातीत हमखास वाजणारी शिट्टी आज वाजत नव्हती. ती गाढ झोपली होती.

"मामा, एसी जरा कमी..."

"गप रं," ते पुटपुटले.

लहानपणी एका वाकळेत झोपलेली ही भावंडं. सांगली आली, तरी मामांनी कान काढला नव्हता.